गॉगलच्या फ्रेमवर पर्ल आणि रंग बदलणारं फिनिश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च उजाडला की नागपुरात गॉगल कपाटातून बाहेर निघतात आणि आमच्या फोनवर त्याच त्या प्रश्नांची रांग लागते. शहरातल्या महाल भागात, एका मागच्या खोलीत आम्ही फ्रेम रंगवतो. नव्या थोड्या, जुन्याच जास्त. खालचे प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. जिथं तीच गोष्ट परत आली तिथं फक्त प्रश्नाचा आकडा दिलाय.

१. पर्ल आणि रंग बदलणारा, दोन्ही चमकतेच. मग फरक काय?

पर्ल म्हणजे अभ्रकाच्या बारीक पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर. थोडा प्रकाश थराच्या वरूनच परततो, थोडा आत जाऊन खालून परततो, आणि दोन्ही एकमेकांत मिसळून शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी झाक दिसते. थर किती जाड यावर ती झाक रुपेरी, सोनेरी, लाल, निळी की हिरवी हे ठरतं. अभ्रक आपल्याच देशात, झारखंडमध्ये कोडर्म्याच्या बाजूला निघतो. हल्ली कारखान्यात बनवलेला कृत्रिम अभ्रकही वापरतात. तो जास्त स्वच्छ दिसतो.

रंग बदलणाऱ्या पावडरीला बाजारात ‘कॅमेलिऑन’ म्हणतात. तिच्या चांगल्या प्रतीच्या कणात मधोमध ॲल्युमिनियम, त्याच्या दोन्ही अंगांना मॅग्नेशियम फ्लोराइड आणि सगळ्यात बाहेर क्रोमियमचा अर्धपारदर्शक पापुद्रा असतो. असे पाच थर. तुम्ही बघायचा कोन बदलला की प्रकाशाचा आतला प्रवास बदलतो आणि त्याबरोबर रंगही. खिशातली पाचशेची नोट तिरकी करून बघा. हिरवा दोरा निळा होतो. तत्त्व हेच. गाड्यांच्या दुनियेत १९९६ च्या मस्टँग कोब्राच्या ‘मिस्टिक’ रंगाने याचं वेड लावलं.

२. उन्हात गेल्यावर रंग बदलेल आणि सावलीत परत येईल का?

नाही. हा रंग ऊन किंवा गरमी ओळखत नाही, फक्त कोन ओळखतो. टेबलावर ठेवलेली फ्रेम, तुम्ही आणि उजेड तिघंही जागचे हलला नाहीत तर एकच रंग दिसेल. मान वळवली की बदल. गरम झाल्यावर बदलणारा रंग वेगळा येतो, पण तो उन्हात लवकर मरतो. गॉगलसाठी त्याचा काही उपयोग नाही.

३. माझी फ्रेम रंगवता येईल की नाही, घरीच कसं ओळखू?

आधी काडीच्या आतल्या बाजूला काही छापलंय का ते वाचा. नसेल तर हात आणि डोळे वापरा.

काडीच्या पोटात धातूची तार दिसत असेल आणि कडेचा ओरखडा आतूनही त्याच रंगाचा असेल, तर बहुतेक ॲसिटेट (सेल्युलोजपासून बनवलेलं प्लास्टिक). रंगवायला आमचं आवडतं, पण सॉल्व्हंट आणि गरमी दोन्हींना भित्रं (प्रश्न ४ आणि १२). फ्रेम कागदासारखी हलकी आणि वाकवली तरी सरळ होणारी असेल, तर टीआर-९०. हे नायलॉनच्या घराण्यातलं प्लास्टिक, त्याला रंग सहजासहजी चिकटत नाही. प्लास्टिकसाठीचा प्रायमर लागतो आणि क्लिअरमध्ये (सगळ्यात वरच्या पारदर्शक थरात) लवचीकपणा आणणारं मिश्रण टाकावं लागतं, नाहीतर फ्रेम वाकते आणि रंग तडकतो. धातूच्या फ्रेमला एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला घट्ट धरणारा. रस्त्यावरच्या गॉगलात पॉलिकार्बोनेटपासून पॉलिप्रोपिलीनपर्यंत काहीही निघतं. त्यावर हात ठेवायच्या आधी काडीच्या आत नखाएवढ्या जागेवर चाचणी घ्या. रंग सुकला की ब्लेडने चौकटी ओढा, चिकटपट्टी लावून झटक्यात काढा. चौकोन पट्टीवर आले तर काम थांबवा.

एक प्रकार आम्ही सरळ परत पाठवतो: हाताला रबरासारखी मऊ लागणारी काळी फ्रेम, जी दोन उन्हाळ्यांत चिकट होते. तो थर पूर्ण निघाल्याशिवाय वर काहीच टिकत नाही, आणि तो काढता काढता बरेचदा खालची फ्रेमच खराब होते.

४. थिनरने पुसून डायरेक्ट मारलं तर काहून नाही चालत?

पहिल्या वर्षी मी माझ्या स्वतःच्या कासवछापी ॲसिटेट फ्रेमवर एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीच्या) थिनरचा बोळा फिरवला. चमक गेली, बोटांचे ठसे उमटले आणि नाकाजवळचा भाग च्युइंगमसारखा ओढला गेला. ॲसिटोन आणि थिनर ॲसिटेटला विरघळवतात. पॉलिकार्बोनेट वरून ठीक दिसतं, पण त्यात केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि महिन्याभराने काडी बिजागरीपाशी तुटते.

भांडी घासायच्या साबणाने धुवा, जुना दात घासायचा ब्रश बिजागरीत फिरवा, पूर्ण सुकू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हलका हात. डोक्याला तेल लावणाऱ्यांच्या काड्या दोनदा धुवाव्या लागतात, आणि आपल्याकडे तेल न लावणारा शोधावा लागतो. त्यानंतर ६०० चा आणि मग ८०० चा वॉटर पेपर, पाण्यात बुडवून. चमक मेली पाहिजे, आकार नाही. घासल्यावर उघड्या बोटांनी धरू नका.

५. काळाच बेस काहून लागते? मला पांढऱ्यावर पाहिजे.

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. कॅमेलिऑनचे कण एकमेकांना पूर्ण झाकत नाहीत, मधल्या फटींतून बेस, म्हणजे खालचा रंग, दिसतो. बेस काळा असला की फटीतला प्रकाश तिथेच गिळला जातो आणि डोळ्यापर्यंत फक्त कणांचा रंग पोचतो. पांढरा बेस सगळा प्रकाश परत फेकतो आणि त्या गर्दीत बदलणारा रंग धुऊन जातो. बेस नुसता काळा असून भागत नाही, गुळगुळीतही पाहिजे. खरखरीत काळ्यावर कण वेडेवाकडे बसतात, प्रत्येक जण वेगळ्या दिशेला तोंड करतो आणि एकूण दिसतो तो राखाडी चिखल.

पर्लचं गणित वेगळं. निळ्या झाकेचं पर्ल काळ्यावर मारलं तर निळं दिसतं. तेच पांढऱ्यावर मारलं तर समोरून निळसर झाक, आणि कोन बदलला की पिवळसर छटा, कारण पर्ल निळा भाग परत पाठवतं आणि उरलेला पार जाऊन पांढऱ्यावरून उलटून येतो. कुणाला ती भुताटकी फार आवडते. पांढरं हवंच असेल तर पर्ल घ्या. कॅमेलिऑन घेऊन पांढऱ्यावर मारायचा हट्ट म्हणजे महागाची पावडर वाया.

गडद निळा किंवा गडद मरून बेसही चालतो. रंग थोडा दबतो, पण सावलीत फ्रेम काळी न दिसता निळी किंवा मरून दिसते. आम्हाला विचाराल तर रोज घालायच्या गॉगलला हेच जास्त शोभतं.

६. पावडर किती टाकायची?

१०० मिली पारदर्शक बाइंडरला २ ते ३ ग्रॅम. एका फ्रेमला १० ते १५ मिली मिश्रण पुरतं, म्हणजे पावडर अर्ध्या ग्रॅमच्याही आत. जास्त टाकली की कण एकमेकांवर चढतात आणि रंग बदलायचा कमी होतो. कण जड असल्याने दोन मिनिटांत तळाशी बसतात, त्यामुळे बाटलीत स्टीलची गोळी टाका आणि प्रत्येक कोटाआधी हलवा. एअरब्रशची ०.२ मिमीची नोझल तुंबते. ०.३५ ते ०.५ घ्या, दाब २० ते २५ पीएसआय. एका जाड कोटाऐवजी चार-पाच पातळ, मध्ये दहा-दहा मिनिटं.

७. एअरब्रश नाही. स्प्रे कॅनने जमते का?

जमतं, पण काडीसारख्या बारीक वस्तूवर कॅनचा अर्धा रंग हवेत जातो. आणि कॅनमध्ये बहुधा तेच सॉल्व्हंट असतं ज्याची तक्रार प्रश्न ४ मध्ये केलीय, म्हणून पहिले दोन कोट लांबून, धुक्यासारखे. कॅन आधी कोमट पाण्यात ठेवला तर फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे कोमट, गॅसवर ठेवू नका.

८. मुलींच्या त्या रंग बदलणाऱ्या नेलपॉलिशने केलं तर?

पावडर जवळजवळ तीच असते. अडचण बाटलीतल्या पातळ करणाऱ्या द्रवाची. नेलपॉलिशमध्ये इथाइल आणि ब्युटाइल ॲसिटेट असतं, जे ॲसिटेटची आणि पॉलिकार्बोनेटची, दोन्ही फ्रेमना खातं. धातूच्या फ्रेमवर नक्षीचे ठिपके काढायला ठीक. पूर्ण फ्रेमवर ब्रशचे ओघळ दिसतात आणि कण ब्रशच्या दिशेने आडवे पडतात.

९. मे महिन्यात घरी रंगवलं तर चालते का? कुलरसमोर ठेवलं तर लवकर सुकेल ना?

या एका प्रश्नासाठी वेगळं पान लिहावं लागलं असतं.

नागपुरात मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. त्या हवेत थिनर नोझल आणि फ्रेम यांच्या मध्येच उडून जातो. रंग अर्धा सुकूनच फ्रेमवर पडतो आणि हाताला वाळू लागल्यासारखा पृष्ठभाग येतो. सावकाश सुकणारा थिनर घ्या, अंतर कमी करा आणि सकाळी सहा ते आठमध्ये काम उरका. नवतप्यात (मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत) आम्ही दुपारी फवाऱ्याची बंदूक हातात घेतच नाही.

आता कुलर. आपला कुलर थंड हवा देतो ती ओल्या ताट्यांतून ओढून. म्हणजे खोलीत पाणी भरतो. ओल्या लॅकरवर ती दमट हवा आली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर वाफ धरते आणि क्लिअर दुधाळ होतो. कॅमेलिऑनवर ताक ओतल्यासारखं दिसतं. शिवाय फॅनने धूळ उडते. माणसाला कुलर लागतोच, तर तो दुसऱ्या खोलीत.

जुलै-ऑगस्टमध्ये कुलर न लावताही तोच दुधाळपणा येतो. थोडा असेल तर सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा कधीकधी तो मोकळा करतो. आतपर्यंत गेला असेल तर घासून पुन्हा. सगळ्यात चांगले महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही दुपारी, कारण इथली थंडीची रात्र क्लिअर घट्ट व्हायला पुरेशी उबदार नसते.

१०. क्लिअर कोणता मारू? टू-के घरात मारता येतो का?

टिकाऊपणासाठी हार्डनर मिसळायचा पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे टू-के, यासारखा दुसरा नाही. घाम, तेल, खिशातल्या किल्ल्या, सगळं सोसतो. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते श्वासातून गेले तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीराने त्यांचा धसका घेतला की पुढे थोडासा संपर्कही महागात पडतो. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका. वास येण्याआधीच प्रमाण जास्त झालेलं असू शकतं.

रुमाल, सर्जिकल मास्क, धुळीचा मास्क यांचा इथं काही उपयोग नाही. रंगाच्या वाफेसाठीचं कार्ट्रिज आणि कणांचं फिल्टर असलेला घट्ट बसणारा मास्क, नायट्राइल मोजे, बंद चष्मा आणि हवा बाहेर फेकणारी सोय. मोठ्या कामात बाहेरून हवा पुरवणारा मास्कच योग्य. एवढं नसेल तर फ्रेम तयार करून क्लिअरपुरती चांगला बूथ असलेल्या गाडी पेंटरकडे द्या. फ्लॅटच्या बाल्कनीत, शेजारी लेकरं खेळताना, हे काम करू नका. पाण्यात मिसळणारा क्लिअर घरी चालतो. कमी कडक असतो, पण अधूनमधून घालायच्या गॉगलला पुरतो.

पहिला क्लिअर कोट धुक्यासारखा द्या. एकदम ओला मारला तर खालचे कण तरंगून हलतात आणि सगळी मेहनत ढगाळ होते.

११. काचा काढायलाच पाहिजे का?

हो. टेप कितीही नीट लावली तरी सॉल्व्हंटची वाफ काचेच्या कोटिंगला गाठते. काचा काढल्यावर फ्रेमची आतली खाच मात्र झाका. खाचेत रंगाचे सात-आठ थर बसले तर काच आत जात नाही, आणि दाबून बसवली तर तिच्यावर ताण येऊन कडेने तडे जातात. बिजागरी आणि स्क्रूची भोकंही बंद. हे न करता रंगवलेल्या काड्या पहिल्यांदा मिटतानाच पापडासारखा रंग सोडतात.

१२. नंबरचा गॉगल आहे. रंगवल्यावर दुकानात फिटिंग करून घेऊ ना?

उलटं करा. चष्मेवाले फ्रेम गरम हवेत धरून कान-नाकाप्रमाणे वाकवतात. ॲसिटेट मऊ होतं, वरचा क्लिअर मात्र तसा वाकत नाही आणि वळणावर तडकतो. आधी दुकानात जा, फिटिंग पक्कं करा, दोन दिवस घालून बघा, मग रंगवायला द्या. रंगानंतर काचा बसवताना दुकानदाराला ‘हीटर नको, थंडच बसवा’ असं सांगा. धातूची फ्रेम असेल तर स्क्रूने काच सुटते, तिथं हा प्रश्नच नाही.

१३. किती दिवस टिकते?

टू-के क्लिअर हाताला अर्ध्या दिवसात सुका लागतो, पण पूर्ण पिकायला साधारण सात दिवस. त्या आठवड्यात गॉगल घालून सेल्फी काढणाऱ्यांच्या फ्रेमवर नाकाचा ठसा कायमचा राहतो. पुढचं तुमच्या सवयींवर. सनस्क्रीन लावलेल्या हातांनी फ्रेम धरू नका. डीईईटी असलेलं डास पळवायचं क्रीम तर त्याहून वाईट, ते रंगही मऊ करतं आणि खालचं प्लास्टिकही. फुटाळा तलावावर संध्याकाळी क्रीम लावून गॉगल डोक्यावर सरकवणाऱ्यांनी हे खास वाचावं. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली ॲसिटेट फ्रेम रंगवलेली नसली तरी वाकते.

१४. एक ओरखडा पडलाय. तेवढंच टचअप करून द्या ना.

क्लिअरपुरताच असेल तर २००० चा वॉटर पेपर आणि पॉलिशने जातो. बेसपर्यंत गेला असेल तर तेवढंच जमत नाही. नव्या फवाऱ्यातले कण जुन्यांच्या दिशेत बसत नाहीत, म्हणून समोरून जुळलेला ठिपका बाजूने डाग दिसतो. अख्खी काडी रंगवावी लागते, आणि बरेचदा जोडीची दुसरीही.

१५. मॅटमध्ये मिळेल का?

मिळेल, पण मॅट क्लिअर प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून रंगाचा बदल निम्मा वाटतो. पर्लवर मॅट छान दिसतं, रेशमासारखं. कॅमेलिऑनवर आम्ही नको म्हणतो.

१६. आतल्या बाजूनेही पर्ल मारा, पूर्ण दिसलं पाहिजे.

काड्यांच्या आत, हो. पण फ्रेमची डोळ्यांकडची बाजू आम्ही मॅट काळी ठेवतो. मागून येणारं ऊन चमकदार कडेवर पडून काचेच्या आत उजेडाचे ठिपके दिसतात आणि वर्धा रोडवर गाडी चालवताना त्याचा खरंच त्रास होतो. नाकाला आणि कानामागे लागणारा भागही शक्यतो मोकळा ठेवतो. तिथं घाम सतत असतो, आणि ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांना अर्धवट पिकलेल्या रंगाने पुरळ येऊ शकतं. तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान लेकरांचे गॉगल आम्ही घेत नाही.

१७. बुटीबोरीला कंपनीत घालतो तो सेफ्टी गॉगल रंगवून देता का?

नाही. त्याची ताकद पॉलिकार्बोनेटच्या न दिसणाऱ्या भेगांनी कधी कमी झाली हे कुणालाच कळणार नाही. उडालेला तुकडा आल्यावर कळेल.

१८. साध्या फ्रेमवर मोठ्या ब्रँडचा लोगो टाकून द्याल?

नाही. स्वतःचा ब्रँडेड गॉगल रंगवून घेणं तुमची मर्जी (वॉरंटी गेली असं समजा). दुसऱ्याचं चिन्ह खोट्या मालावर टाकणं हा १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याखाली गुन्हा आहे.

१९. मलाच शिकायचंय. सुरुवात कशावर करू?

स्टीलच्या चमच्यांवर. चमच्याला खोलगट, फुगीर आणि बारीक, तिन्ही प्रकारचे भाग असतात, त्यामुळे कण कसे बसतात ते लगेच दिसतं. मग तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घ्या. शिंगं, पाय, वशिंड, सगळीकडे हात वळवावा लागतो आणि बिघडला तरी घरात कुणाला तरी आवडतोच. आणि गणपतीच्या आधी चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, एक चक्कर मारा. मुकुटावर आणि सोवळ्यावर पर्लचा हात किती हलका फिरतो ते तिथं फुकटात बघायला मिळतं. काम चालू असताना प्रश्न मात्र विचारू नका, त्यांची घाई वेगळी असते.

२०. फोनवर पाठवलेल्या फोटोत तर एकच रंग दिसून राहिला.

फोटोला एकच कोन असतो. खिडकीजवळ फ्रेम हळूहळू फिरवत व्हिडिओ काढा, फ्लॅश बंद ठेवून.

२१. लग्नात नवरीची पैठणी राणी-हिरवी धूपछाव आहे. नवरदेवाचा गॉगल तसाच करून द्याल का?

पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, म्हणून विणकर कुठलेही दोन रंग एकत्र आणू शकतो. कॅमेलिऑनमध्ये ती मोकळीक नाही. फ्रेम तिरकी होत गेली की रंग एकाच दिशेने सरकतो: लालाकडून सोनेरीकडे, सोनेरीकडून हिरव्याकडे, हिरव्याकडून निळ्या-जांभळ्याकडे. त्यामुळे राणीतून थेट हिरव्यात उडी मारता येत नाही. राणी ते सोनेरी मिळतं, आणि जरीच्या काठाशी ते उलट जास्त जुळतं. हिरवा ते जांभळा पण मिळतो, तो पदरावरच्या मोराशी जातो. दोन्ही हवे असतील तर पुढची फ्रेम एका रंगात, काड्या दुसऱ्या.

साडीचा फोटो पाठवू नका, साडीच घेऊन या, आणि हॉलमध्ये दिवे पिवळे आहेत की पांढरे ते विचारून या. क्लिअर पिकायचे सात दिवस आणि फिटिंगचे दोन-तीन धरून किमान बारा दिवस लागतात. मागच्या सीझनला एका भावाचा फोन हळदीच्या संध्याकाळी आला होता. त्याला आम्ही तयार असलेला साधा काळा गॉगल दिला, आणि तो त्यातही बरा दिसला म्हणे.